बाटलीवरची शेवटची ओळ

माझं नाव छापून येणार होतं. हे मी त्या दिवसांत इतक्या जणांना सांगितलं की आमच्या अपार्टमेंटचा वॉचमन मला लांबनं बघितला की आधीच हात वर करायचा. "गोत्तु अण्णा, गोत्तु." म्हंजे माहीत हाय, आता पुढं जा.

आमचं अपार्टमेंट म्हंजे मी तिथं माळी हाय, बेंगळुरात सर्जापूर रोडला. मालक असल्यासारखं 'आमचं' म्हणतो, ती माझी जुनी खोड. बायको त्याच बिल्डिंगमध्ये चार घरी पोळ्या-भाकरी करती. तिचं काम सावलीत, माझं उन्हात. नवीन भाडेकरू मला तिचा बाप समजतात, आणि ती लवकर दुरुस्त करत न्हाई.

मला लिहायवाचायला येत न्हाई. त्यात माझी चूक थोडी आणि जिल्ह्याची जास्त. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या पुढं, रानाच्या कडेला. गावात एक मराठी शाळा, एक कानडी. बाप म्हणाला, पोरगं मराठी शाळेत जाईल. मामा म्हणाला, कानडीत घाल, उद्या नोकरी मिळंल. दोघं वाद घालत बसले, तोपर्यंत मी म्हशी राखल्या. वाद मिटला तेव्हा मला मिशी फुटली होती, आणि दोन्ही मास्तरांनी हात जोडले. बोलायला मात्र मराठी येती, कानडी येती, हिंदी येती, इथं येऊन थोडी तमिळ पण आली. चार भाषांत अडाणी असलेला माणूस या गावात मीच असंन. हे सुद्धा मी फोनला सांगतोय आणि फोन लिहून घेतोय. बरोबर लिहितोय का माझ्याबद्दल तिसरंच काही लिहितोय, ते त्यालाच ठाऊक.

गावाकडं रानात गवती चहाच्या तेलाची भट्टी होती. तिथं मी बरीच वर्षं जाळ घातला. गवत मोठ्या भांड्यात दाबून भरायचं, खालनं पाणी उकळायचं. वाफ गवतातनं वर येती, नळीतनं गार पाण्याच्या हौदातनं जाती, तिथं तिचं परत पाणी होतं, आणि त्या पाण्यावर तेल तरंगतं. एवढंच. याला शाळा लागत न्हाई, नाक लागतं. माझं नाक मोठं हाय. लग्नाच्या वेळी सासरच्यांनी त्याच्यावरनं बरंच हसून घेतलं होतं.

तर बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर पुण्याचा एक तरुण राहायचा. बायको त्याच्याकडं भाकरी करायची. वासाची तेलं विकायची त्याची कंपनी होती, एचएसआर लेआउट भागात दोन खोल्यांचं ऑफिस. तेल बाहेरनं आणायचा, बाटल्या भरायचा. मग त्याच्या मनानं घेतलं की आपणच काढायचं. एका नर्सरीच्या मागं शेड घेतलं, तांब्याची भट्टी मागवली, आणि फोनवर बघून बघून पेटवली. नुसता धूर. बायको भाकरी थापता थापता बोलून गेली, "आमचे हे गावाकडं तेल काढायचे."

तो लिफ्टनं खाली आला, थेट माझ्या कर्दळीच्या वाफ्यात.

"काका, तुम्हाला डिस्टिलेशन येतं?"

"येतं," म्हंटलं. काय विचारलं ते कळलं न्हवतं. पण 'येत न्हाई' हे मला आयुष्यात कधी म्हणता आलेलं न्हाई, त्यामुळं मी विहिरीत पण एकदा पडलोय.

पहिल्या दिवशी शेडात गेलो. तो दारातनंच हसत म्हणाला, "काका, पेटीग्रें."

मला ऐकू आलं, पेटी घे रं. बाजूला रिकाम्या बाटल्यांची लाकडी पेटी होती. पुण्याचा माणूस वयस्कर माणसाला 'घे रं' म्हणतो याचं जरा वाईट वाटलं, पण म्हंटलं शिकलेल्यांची रीत असंल. उचलली आणि विचारलं, "कुठं ठेवू साहेब?"

"नाही नाही काका. आपण जे काढणार ना, त्याचं नाव आहे ते. फ्रेंच आहे."

ते म्हंजे कडू संत्र्याच्या पाल्याचं तेल. फळाचं न्हाई, फुलाचं न्हाई, पाल्याचं. मी पेटी खाली ठेवली, ती पण माझ्याच पायावर.

कडू संत्रं म्हंजे इथं बेंगळुरात ज्याला हेरळेकाई म्हणतात ते. त्याचं चित्रान्न, म्हंजे फोडणीचा भात करतात, लोणचं घालतात. आणि ते झाड कुठं हाय ते मला माहीत होतं. बसवनगुडीत एक अक्का राहती. मराठीच, पण तीन पिढ्या इथल्या, त्यामुळं तिची मराठी कानडीच्या फोडणीची. शाळेत मास्तरीण होती, आता रिटायर. महिन्यातनं एकदा मी तिचं अंगण साफ करायला जायचो. घराच्या मागं तिच्या नवऱ्यानं लावलेलं हेरळ्याचं झाड हाय. नवरा गेला, झाड शेजाऱ्याच्या पत्र्यावर गेलं, आणि शेजारी रोज भांडायला यायचा.

मी म्हंटलं, "अक्का, पाला पायजे होता."

"किती?"

"स्वल्प."

"तुझं स्वल्प मला गोत्तु हाय. मागच्या वर्षी जास्वंद स्वल्प छाट म्हंटलं तर तू बुंधा शिल्लक ठेवलास."

खरं होतं. मग मी सगळं सांगितलं, भट्टी, तेल, पुण्याचा साहेब. ती चष्म्यावरनं बघत राहिली. शेवटी म्हणाली, "सरी. पत्र्यावरच्या फांद्या ने. वरच्या शेंड्याला हात लावायचा न्हाई. आणि बाटली झाली की मला आणून दाखवायची. मी बघितल्याशिवाय दुसऱ्यांदा पाला न्हाई, तिळीता?" तिळीता म्हंजे कळलं का. मास्तरणीला कळलं न्हाई असं कोण म्हणतंय.

त्या फांद्यांच्या चार खेपा झाल्या, त्यातल्या पहिल्या तीन मी वाया घालवल्या. गवत आणि हेरळ्याचा पाला यात म्हैस आणि मांजराएवढा फरक हाय, हे मला माहीत न्हवतं आणि मी विचारणार तरी कुणाला, येतं म्हणून बसलो होतो. पहिल्या वेळी जाड काटक्या तशाच घातल्या, तेलाला ओल्या दाराचा वास. दुसऱ्या वेळी जाळ मोठा झाला, खालचं पाणी आटलं, पाला करपला. तिसऱ्या वेळी झाकण नीट बसलं न्हाई म्हणून मी वाकून बघितलं, आणि वाफेनं डाव्या डोळ्याची भिवई गेली. महिनाभर माझं तोंड असं दिसायचं की मी कायम अर्धाच चकित झालोय.

झाकणाच्या सांध्याला गावाकडं आम्ही कणीक लावायचो, म्हंजे वाफ बाहेर जात न्हाई. मी बायकोच्या डब्यातली कणीक नेली. भट्टी उतरली की ती कणीक भाजून कडक व्हायची, संत्र्यासारखी वासाची. टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून मी ती खाल्ली. रात्रभर ढेकरा दिल्या. बायको तोंड फिरवून म्हणाली, "तुमच्यातनं साबणाचा वास यायलाय."

चौथी खेप लागली. काटक्या काढल्या, पाला आणि कोवळे दांडे तेवढे ठेवले, त्यातच वाटाण्याएवढी हिरवी फळं होती ती राहू दिली. पाला एक दिवस सावलीत सुकवला. जाळ बारीक. आणि मी नळीच्या तोंडापाशी नाक लावून बसलो. आधी उग्र येतं, हिरवं, पान चुरगाळल्यासारखं. मग मध्येच एक वास येतो, फुलाचा न्हाई आणि लाकडाचा पण न्हाई, दोघांच्या मधला. आंघोळ करून आलेल्या माणसानं कडू काहीतरी चघळावं तसा. तो बराच वेळ टिकतो. मग एकदम पालेभाजी शिजल्यासारखं व्हायला लागतं. त्याच्या जरा आधी थांबायचं. गोणीभर पाल्यातनं चहाचा अर्धा पेला पण तेल निघत न्हाई, पण जे निघालं ते बघून साहेब शेडातच खाली बसला. फिकट पिवळं. त्यानं कागदाच्या पट्टीवर थेंब घेतला, नाकाशी धरला, आणि डोळे मिटून म्हणाला, "काका, हे कसं केलंत?"

मी भट्टीखालची राख ओढायला लागलो. ही एवढीच एक गोष्ट मला जगात येत होती, आणि ती सांगून टाकली की मी परत कर्दळीत.

त्याला ते कळलं असंल. पोरगं हुशार. म्हणाला, "काका, बाटलीवर तुमचं नाव टाकू आपण. 'डिस्टिल्ड बाय', आणि तुमचं नाव."

"म्हंजे?"

"म्हणजे हे कोणी काढलं. तुम्ही."

मी मागितलं न्हवतं. मागायचं सुचलं पण नसतं. माझं नाव कुठं असतं? आधार कार्डावर, रेशनवर, गॅसच्या चिठ्ठीवर. म्हंजे जिथं काहीतरी घ्यायला उभा राहतो तिथं. काहीतरी दिलं म्हणून नाव, असं कधी झालं न्हवतं. मी तिथंच सगळं ओकून टाकलं. काटक्या, फळं, सावली, जाळ, आणि पालेभाजीच्या आधी थांबायचं ते. तो लॅपटॉपवर टकटक लिहून घेत होता. मी सांगत होतो आणि मध्ये मध्ये विचारत होतो, "लिहिलं का?" जसा काय मीच मास्तर.

पुढच्या महिन्यात बाटल्या आल्या. बोटभर उंचीच्या, तपकिरी काचेच्या, वर कागद चिकटवलेला. साहेब फोनवर होता. मी एक उचलली आणि खुणेनं विचारलं, माझं नाव कुठाय? त्यानं फोन कानाला तसाच ठेवला, वाकला, आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. मान हलवली. परत फोनवर बोलायला लागला.

ती बाटली मी मागून घेतली आणि खिशात घातली, आणि माझं डोकं फिरलं.

वॉचमनला दाखवली. ओळीवर अंगठा ठेवायचा आणि म्हणायचं, "हे मी." केर काढणाऱ्या बाईला दाखवली. भाजीवाल्याला दाखवली, त्यानं वास घेतला आणि कोथिंबीर फुकट दिली. लेक बेळगावला दिलीया, बारावी झालेली हाय. तिला व्हिडिओवर दाखवली. "बाबा, हलवू नका. जवळ धरा. हां." मग थोडा वेळ ती काही बोलली न्हाई. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाली, "भारी हाय बाबा." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी म्हंटलं बापाचा अभिमान.

बायकोला तर मी रोज दाखवायचो. ती परात घासत असायची. "बघितलं की," म्हणायची. "काल पण तिथंच होतं."

हे असं चालल्यामुळं अक्काकडं जायला उशीर झाला. तोपर्यंत अंगठा घासून घासून ती खालची ओळ पुसट झाली होती. अक्कानं ओट्यावर बसवलं, कॉफी दिली, बाटलीचा वास घेतला, आणि खूप वेळ घेत राहिली. म्हणाली, "आमच्या मागच्या दाराचा वास हाय. पाऊस पडून गेल्यावर असाच येतो."

"वास राहू द्या अक्का. खालची ओळ वाचा."

तिनं दुसरा चष्मा आणला. बाटली उजेडाला धरली. "फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली."

मला वाटलं हे 'डिस्टिल्ड बाय'चं मोठं रूप असंल. "आणि पुढं?"

"पुढं काय? फक्त बाहेरून लावायचं. पोटात घ्यायचं न्हाई."

"ती न्हाई अक्का. त्याच्या खालची."

"खाली बाटली संपली बा."

"मग वरची बघा."

ती मास्तरीण, तिनं वरनं खालपर्यंत सगळं वाचलं, एकेक शब्द, मराठी करून. कंपनीचं नाव. पेटीग्रें. डोळ्यांत घालू नये. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये. मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक गोष्ट लिहिली होती, ती पण वाचली. हे तेल आमच्या मालकांच्या आजोबांनी जपलेल्या जुन्या पद्धतीनं काढलंय.

"त्याचे आजोबा पुण्यात पोस्टात होते," मी म्हंटलं. "त्यानंच सांगितलंय. चिठ्ठ्यांवर शिक्के मारायचे."

अक्कानं चष्मा काढला. "तुझं नाव कुठंच न्हाई अण्णा." मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हळू म्हणाली, "उगाच वाचलं मी."

मी हसलो. मला काही झालं की हसायलाच येतं, मयतात पण आलंय. म्हंटलं, "बरोबरच हाय की. आम्ही बाहेरून लावायचीच माणसं." ती हसली न्हाई.

तिथनं निघालो ते एचएसआरलाच. बसमध्ये उभा राहून काय काय बोलायचं ते पाठ केलं. माझी भिवई गेली साहेब, तुमच्या आजोबाची न्हाई. हे वाक्य चांगलं जमलं होतं. एका बाईनं जागा बदलली, म्हंजे मोठ्यानं म्हणत असणार मी.

ऑफिसचं दार काचेचं. त्यावर काहीतरी लिहिलेलं असतं, ढकला का ओढा. मी ओढायचं ते ढकलत बसलो. आतनं साहेबच उठून आला आणि दार उघडलं. "अरे काका, बसा ना. कॉफी?"

आत गार होतं. मी बसलो, आणि तोंडातनं निघालं, "तुमचं एसी भारी हाय." सगळी बस वाया गेली.

मग बाटली टेबलावर ठेवली. बोलायची गरज पडली न्हाई. त्यानं बाटली बघितली, माझा अंगठा बघितला, आणि खुर्चीत मागं सरकला.

"काका, ॲक्च्युअली मी सांगणारच होतो. वकील म्हणाले एका माणसाचं नाव नको. उद्या तुम्ही काम सोडलंत तर सगळी लेबलं फुकट."

"मग बोट कशाला ठेवलं?"

"मी कॉलवर होतो. आणि तुम्ही इतके खूश दिसत होतात काका. मला वाटलं, कशाला..."

"आणि आजोबा?"

"ती स्टोरी आहे. लोकांना स्टोरी लागते."

"ते पोस्टात होते की."

"ते आईचे वडील."

"मग वडिलांचे वडील?"

त्यानं टेबलावरची बाटली उगाच सरळ केली. "ते विम्यात होते," म्हणाला.

मला परत हसायला आलं. तो पण हसला, त्याला वाटलं मिटलं. भिवईचं वाक्य शेवटपर्यंत आलंच न्हाई. उठलो, आणि जाताना ढकलायचं दार ओढत बसलो.

घरी आलो तर बायको कांदा चिरत होती. मी सगळं सांगितलं, अक्काचं, एचएसआरचं, पोस्टाचं. मला वाटलं आता ही त्या पोराला शिव्या घालंल, उद्यापासनं भाकरी बंद करंल. ती कांदा चिरत राहिली. एकदा पण 'काय सांगता' म्हणाली न्हाई. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"तुला कुठं इंग्रजी येतंय?"

"इंग्रजी येत न्हाई. तुमचं नाव येतं. गॅसच्या चिठ्ठीवर, आधारवर इतकी वर्षं तेच शोधत आले. त्या ओळीत त्यातलं पहिलं अक्षरच न्हवतं."

"लेकीला?"

"तिला मीच म्हंटलं, बोलू नको."

"वॉचमनला?"

"तो विचारायला आला होता, सांगू का म्हणून. मी म्हंटलं राहू दे."

म्हंजे बाटली आल्यावर पण वॉचमन हात वर करायचा तो याच्यासाठी. भाजीवाल्यानं कोथिंबीर दिली ती याच्यासाठी. लेकीच्या डोळ्यांतलं पाणी पण यातलंच. मी महिनाभर सर्जापूर रोडवर 'पोटात घेऊ नये' यावर अंगठा ठेवून हे मी, हे मी म्हणत फिरलो, आणि सगळी बिल्डिंग मला सांभाळून घेत होती, जसं गावात आम्ही त्या एका वेड्याला सांभाळायचो, तो स्वतःला तलाठी समजायचा त्याला.

"मग बोलली का न्हाईस?" मी विचारलं.

तिनं विळीवरनं मान वर केली. "तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही दाखवत होता."

त्या पोराचा राग मला दोन दिवसांत उतरला. तो परका. त्याला पाला पायजे होता, मला नाव पायजे होतं, त्यानं मला गंडवलं, असं होतंच. पण ही माझ्याच ताटात वाढत होती आणि रोज 'बघितलं की' म्हणत होती. प्रेमानंच म्हणत होती, ते मला कळतंय. त्यामुळं तर भांडता पण येईना. ज्याच्यावर भांडता येत न्हाई तो राग कुठं ठेवायचा, ते मला कुणी शिकवलं न्हाई.

मी शेडात जायचं बंद केलं, पण साहेब अडला तो माझ्यामुळं न्हाई. त्याच्याकडं सगळं लिहिलेलं होतं. अडला तो अक्कामुळं. नवीन खेपेला पाला आणायला त्यानं माणूस पाठवला, तर अक्कानं फाटकातनं परत पाठवला. फोनवर त्याच्याशी इंग्रजीत बोलली. काय बोलली ते मला म्हणाली, मराठी करून: "झाड माझं हाय. ज्यानं काढलं त्याचं नाव न्हाई, तर पाला न्हाई. शेजाऱ्याचा पत्रा फुटला तरी चालंल." दुसऱ्या झाडांचा पाला त्यानं आणून बघितला, तो वास येईना.

दीड महिन्यानं साहेब स्वतः वाफ्यात आला. नवीन बाटली. बिचाऱ्याचं तोंड उतरलेलं. "काका, सॉरी. आता आहे. हे बघा." आणि वाकून बोट ठेवलं. तेच बोट, आणि परत सगळ्यात खालच्या ओळीवर.

मी ओळ बघितली. मागची पण अशीच होती. काळ्या मुंग्या एका रांगेत.

घरी बायकोनं हात पुसले, आधार कार्ड काढलं, बाटली शेजारी धरली, अक्षराला अक्षर लावून बघितलं. "हाय ओ. यावेळी खरंच हाय."

'खरंच' म्हणाली ती. मागच्या वेळी तिला खरंच म्हणायला लागलं न्हवतं.

अक्काला विचारावं म्हंटलं. पण अक्कानं पण त्या दिवशी माझं तोंड बघितलं होतं, 'उगाच वाचलं' म्हणाली होती. आता ती पण माझ्यावर माया करायला लागली असंल तर? लेक तर लेकच. माझ्या ओळखीचा असा एक पण माणूस राहिला न्हवता की ज्याला माझी कीव येत न्हाई.

म्हणून दुसऱ्या दिवशी पाच-सहा स्टॉप पुढं गेलो, जिथं मला कुणी ओळखत न्हाई. स्टॉपवर एक माणूस पेपर वाचत उभा होता. बाटली पुढं केली, आणि सांगितलं की ही आमच्या मालकाची हाय, दुकानदारानं खालची ओळ वाचून घ्यायला सांगितलीया. माझा काही संबंध न्हाई असं तोंड केलं. एवढं नाटक मी लग्न ठरताना पण केलं न्हवतं.

त्यानं चष्मा वर केला. वाचलं. माझं नाव त्याच्या तोंडातनं आलं. शेवटी जरा लांबवलं त्यानं, कानडी लोक लांबवतात तसं, पण माझंच होतं. "यारु इवरु?" त्यानं विचारलं. कोण हा?

"गोत्तिल्ला," म्हंटलं. माहीत न्हाई.

तो परत पेपर वाचायला लागला. मी थोडा पुढं गेलो आणि झेरॉक्सच्या दुकानात अजून एका पोरीला विचारलं. तिनं पण तेच वाचलं.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. बायकोनं ताट वाढलं आणि समोर बसली. खिशातली बाटली तिला दिसत होती.

"किती जणांना विचारलंत?"

"दोघांना."

"काय म्हणाले?"

"हाय म्हणाले."

"मग? मला धरून तिघं झाले की."

"तुला धरलं न्हाई," म्हंटलं.

ती खळखळून हसली. आयुष्यभर मी असलंच काहीतरी बोलत आलोय, तिला वाटलं हे पण त्यातलंच. हसता हसता तिनं अजून एक भाकरी वाढली. मी पण हसलो, भाकरी मोडली, आणि तिला काही सांगितलं न्हाई.